अंगणातील खुराडे आणि रात्रीचा उंदीर

गेल्या श्रावणात तोरणमाळच्या पठारावरून एक वृद्ध गृहस्थ मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून माझ्याकडे तपासणीसाठी आले. वय सत्तरीच्या पुढे, बारा वर्षांचा मधुमेह. डाव्या पायाच्या अंगठ्याला धोतराची चिंधी गुंडाळलेली होती. ती सोडली तेव्हा अंगठ्याच्या टोकाचे मांस दोन ठिकाणी कुरतडल्यासारखे दिसले. भोवती लाली आणि थोडी सूज होती. "बाबा, हे कधी झाले?" असे विचारले, तर ते शांतपणे म्हणाले, "सकाळी उठलो तेव्हा गोधडीला रक्त होते. कोंबडीने चोच मारली असेल, डॉक्टरसाहेब." कोंबड्या कोठे असतात, असे विचारल्यावर मुलाने सांगितले, "पावसाळ्यात घरातच. बाबांच्या खाटेच्या पायथ्याशी खुराडे आहे."

कोंबडीला अंधारात जवळजवळ काहीच दिसत नाही. दिवेलागणीला ती एकदा बसली की उजाडेपर्यंत जागची हलत नाही; उठून कोणाच्या अंगठ्याला चोच मारणे तर दूरच. तो उंदीर होता. बाबांना चावा कळला नाही, कारण इतक्या वर्षांच्या साखरेने त्यांच्या पावलांची संवेदना नाहीशी केली होती. उंदीर खुराड्यातल्या मक्यासाठी आला, आणि वाटेत त्याला एक न हलणारा अंगठा सापडला.

आरोग्याच्या पाक्षिकात खुराड्याचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. मला मात्र तो अगदी आपला, म्हणजे वृद्धांचा आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांचा विषय वाटतो. सातपुड्याच्या रांगेत सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर असलेले तोरणमाळ बाहेरच्या लोकांना यशवंत तलाव, सीताखाई आणि महाशिवरात्रीची गोरखनाथांची यात्रा यांमुळे ठाऊक आहे. परंतु पठारावरील आणि खालच्या दऱ्यांतील पाड्यांवर, पावरा आणि भिल्ल कुटुंबांच्या अंगणात, कोंबडी नाही असे घर शोधावे लागते. पाहुणा आला तर कोंबडी, बाळंतिणीला अंडे, मुलाच्या वही-पुस्तकाला पैसे हवेत तर बाजाराच्या दिवशी एक कोंबडा. दिवाळीनंतर घरातील कर्ती माणसे ऊसतोडीसाठी गुजरातकडे उतरतात, तेव्हा मागे राहतात आजी-आजोबा, नातवंडे आणि कोंबड्या. म्हणजे खुराड्याची राखण वर्षातील कित्येक महिने साठी-सत्तरीच्या माणसांकडेच असते. आपल्यापैकी जे निवृत्तीनंतर गावी परतून हौसेने चार-सहा गावठी कोंबड्या पाळत आहेत, त्यांचीही स्थिती फार वेगळी नाही.

तो कशासाठी येतो?

उंदीर कोंबडीसाठी येत नाही, दाण्यासाठी येतो. ही एक गोष्ट मनात पक्की बसली तर पुढचे अर्धे काम सोपे होते. एक मोठा उंदीर दिवसाला साधारण वीस-पंचवीस ग्रॅम धान्य खातो आणि त्याहून अधिक मलमूत्राने नासवतो. दाणा मिळाला की तो तेथेच बीळ करतो, पिले घालतो, आणि मग अंडी, कोवळी पिले आणि झोपलेल्या कोंबडीचे पायसुद्धा त्याच्या दृष्टीस पडतात. त्याची भटकंती ऋतूप्रमाणे बदलते. मुसळधार पावसात बिळांत पाणी शिरते, तेव्हा तो घरात येतो. ज्वारी-मका काढून शेते मोकळी झाली की पुन्हा येतो. नेमक्या याच दोन काळांत आपणही, पावसामुळे किंवा तोरणमाळच्या बोचऱ्या थंडीमुळे, कोंबड्या घरात घेतो.

म्हणून पहिला उपाय विनाखर्चाचा आहे. कोंबड्या संध्याकाळी बसल्या की खुराड्यातील दाण्याचे भांडे उचलावे, सांडलेला दाणा झाडून घ्यावा आणि सगळे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे. कोंबडी रात्री खात नाही. त्यामुळे तिचे काहीच बिघडत नाही. गोणीत, प्लास्टिकच्या पिंपात किंवा उघड्या टोपलीत ठेवलेला दाणा हा उंदरासाठी वाढून ठेवलेला पाटच होय. प्लास्टिक तो एका रात्रीत कुरतडतो. शेणाने लिंपलेली कणगी खुराड्याला लागून असेल तर तिची बुडाची बाजू दर आठवड्याला पाहावी. अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत. हे काम नातवंडांकडे सोपवावे. वाकून खुराड्यात हात घालणे वृद्धांच्या कमरेलाही बरे नव्हे, आणि अन्य कारणानेही बरे नव्हे. ते कारण पुढे येईल.

उंदीर आहे की नाही, हे ठरवण्याची जुनी आणि विश्वासार्ह रीत म्हणजे संध्याकाळी सगळी बिळे मातीने बुजवावीत आणि सकाळी किती उकरली गेली ते मोजावे. भिंतीच्या कडेने तेलकट काळपट पट्टा दिसत असेल तर ती त्याची रोजची वाट समजावी. मोठ्या तोंडाचे बीळ आणि बाहेर मातीचा ढीग असेल तर ती घूस. चिचुंद्रीला मात्र उगाच मारू नये. ती उंदरांच्या कुळातली नाही आणि मुख्यतः किडे खाते.

आता खुराड्याविषयी. आपल्याकडे बांबूच्या कामट्यांचे डालगे किंवा लाकडी फळ्यांचे खुराडे असते. कोल्ह्या-मुंगसापासून ते काही अंशी राखते, परंतु उंदराच्या दातांना बांबू म्हणजे ऊस. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात आणि ते झिजवण्यासाठी त्याला काहीतरी कुरतडावेच लागते. बाजारात कोंबड्यांची म्हणून मिळणारी षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवण्यासाठी आहे, उंदराला बाहेर ठेवण्यासाठी नाही. तिच्या मोठ्या घरांतून उंदराचे पिलू सहज आत जाते आणि तिची बारीक तार मोठा उंदीर तोडतो. घ्यायची ती अर्ध्या इंचाच्या चौकोनी घरांची, वेल्डिंग केलेली जाड तारेची जाळी. माणसाच्या अंगठ्याएवढ्या भोकातून तरुण उंदीर आत येतो, आणि पेन्सिलीएवढ्या फटीतून लहान चुई येते. हे मी दवाखान्यात सांगतो तेव्हा लोक हसतात. त्याची कवटी जेथून गेली तेथून त्याचे अंग जाते, एवढे लक्षात ठेवावे आणि दाराची फट मोजावी.

ही जाळी डालग्याच्या बाहेरून तारेने आवळून बसवता येते; नवीन खुराडे बांधण्याची गरज नाही. जमिनीवर खुराडे असेल तर खालून भुयार येते. त्यासाठी एक तर दोन-तीन इंचांचा सिमेंटचा कोबा करावा, नाही तर जाळी खुराड्याच्या बुडापासून बाहेरच्या बाजूला हातभर पसरून तिच्यावर माती आणि दगड टाकावेत. उंदीर भिंतीला चिकटून उकरू लागतो, जाळी लागली की थबकतो. हातभर मागे सरकून उकरावे हे सहसा त्याला सुचत नाही. भिंतीतील भोके बुजवण्यासाठी कापूस, चिंध्या किंवा नुसती माती निरुपयोगी. भांडी घासण्याची तारेची घासणी भोकात ठासून भरावी आणि वरून सिमेंट लावावे.

जागा असेल तर सर्वांत उत्तम म्हणजे उंच माचा. तीन-साडेतीन फूट उंचीचे चार खांब, त्यांवर खुराडे, आणि प्रत्येक खांबाला तेलाचा रिकामा डबा कापून उलट्या नरसाळ्यासारखी बसवलेली पत्र्याची टोपी. गुळगुळीत पत्र्यावर उंदराची नखे ठरत नाहीत. माचा घराच्या भिंतीपासून आणि झाडाच्या फांदीपासून निदान चार फूट दूर हवा, अन्यथा तो वरून उडी मारील. शिडी रात्री काढून ठेवावी. हे विसरल्यास टोप्या बसवण्याचा खटाटोप व्यर्थ. उंच माच्याचा वृद्धांना आणखी एक लाभ आहे. अंडी काढताना वाकावे लागत नाही आणि अंधारात हात कोठे जातो ते दिसते.

आणि आता ते कारण. जेथे उंदीर तेथे साप. नाग, घोणस, धामण हे सारे उंदरांच्या मागावर येतात. धामण बिनविषारी आणि आपल्या उपयोगाची, परंतु अंधारात हाताला लागलेला साप कोणता हे कोण ओळखणार? पावसाळ्यात खुराड्यात हात घालताना दंश झाल्याचे रुग्ण ग्रामीण भागातील प्रत्येक डॉक्टरने पाहिलेले असतात. खुडूक कोंबडीखालची अंडी चाचपताना बॅटरी आणि काठी यांवाचून हात पुढे करू नये. दंश झालाच तर चिरा देणे, आवळून बांधणे, भगताकडे नेणे यात वेळ घालवू नये. तो अवयव न हलवता रुग्णाला सरळ सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात न्यावे.

विषाची पुडी

हे सारे ऐकून एक प्रश्न हमखास येतो: इतका व्याप कशाला, दहा-वीस रुपयांची पुडी आणून टाकली की झाले! माझा या पुडीला विरोध आहे, आणि तो कोंबड्यांपेक्षा माणसांच्या कळवळ्याने आहे.

बाजारात मुख्यतः तीन प्रकारची उंदीरनाशके आढळतात. पहिले झिंक फॉस्फाईड, राखाडी-काळी भुकटी, जी धान्याला तेलात कालवून ठेवतात. तो दाणा कोंबडी उंदराच्या आधी टिपते. माणसाच्या पोटात गेल्यास जठरातील आम्लाने त्यातून फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो, आणि त्यावर उतारा नाही. दुसरे पिवळ्या फॉस्फरसचे मलम. त्याची नळी दात घासण्याच्या पेस्टसारखी दिसते. मोतीबिंदूने दृष्टी मंदावलेल्या किंवा विस्मरण होऊ लागलेल्या माणसाच्या घरात ही नळी असणे किती धोक्याचे, ते वेगळे सांगायला नको. या विषाचा कावा असा, की सुरुवातीच्या उलट्या थांबल्यावर एक-दोन दिवस रुग्ण बरा वाटतो, घरचे निर्धास्त होतात, आणि मग यकृत निकामी होऊ लागते. त्यावरही खास उतारा नाही. तिसरा प्रकार रक्त पातळ करणाऱ्या वड्यांचा, ब्रोमॅडिओलोन वगैरे. त्यांचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते. जीवनसत्त्व के-१ हा त्यावरचा उतारा आहे, हीच त्यातली त्यात बरी गोष्ट. परंतु हृदयविकारासाठी आधीच रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धाला तीही फार महागात पडते.

धान्यात टाकण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या काही जण बिळात सारतात. त्यांतून तोच फॉस्फीन वायू सुटतो आणि बिळाचे दुसरे तोंड खाटेखाली असेल तर तो तेथे निघतो. सामान्य माणसाने त्यांना हातही लावू नये.

विष चुकून पोटात गेल्याची नुसती शंका आली, तरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. दूध, तूप, तेल देऊ नये. फॉस्फरस तेला-तुपात विरघळून अधिकच शोषला जातो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, पुडी किंवा नळी सोबत न्यावी, आणि रुग्ण ठीक दिसत असला तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस त्याला रुग्णालयात राहू द्यावे. विष खाऊन मेलेली कोंबडी, किंवा मेलेला उंदीर खाल्ल्याचा संशय असलेली कोंबडी, कोणीही खाऊ नये. कोंबडी पुरावी लागते याचे वाईट वाटते, हे मला कळते; तरीही.

विष टाकून उंदीर संपत नाहीत, याचे मोठे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग पसरल्याची बातमी आली, आणि तापी खोऱ्यातील रेल्वेने माणसे लोटली. नंदुरबारच्या वाचकांपैकी अनेकांना ते दिवस आठवत असतील. आमच्यासारखे तेव्हाचे तरुण डॉक्टर टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मोजत बसले होते. त्या शहराचे रूप पुढच्या वर्षी आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत पालटले ते रोजचा कचरा रोज उचलून, गटारे मोकळी करून आणि नियम सर्वांना सारखे लावून. उंदराचे ताट काढून घेतले की त्याची संख्या आपोआप घटते. ताट तसेच ठेवून दहा मारले तर दुसरे दहा येतात. शिवाय प्लेग उंदराच्या अंगावरील पिसवांतून येतो, आणि उंदीर मेला की पिसवा नवे अंग शोधतात. म्हणून मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये, आणि कारणावाचून एकाच वेळी अनेक उंदीर मरून पडलेले दिसले तर प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.

मारायचाच असेल तर सापळा बरा. तारेचा पिंजरा किंवा चाप भिंतीलगत, त्याच्या वाटेवर आडवा ठेवावा. चाप असेल तर दोन्ही टोकांना लहान भोके असलेल्या खोक्यात ठेवावा, म्हणजे कोंबडीचा पाय किंवा नातवाचे बोट सापडणार नाही. आमिषाला भजे, सुका मासा किंवा शेंगदाण्याचा कूट चालतो. पहिले दोन दिवस चाप न लावता नुसते आमिष ठेवावे. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. मेलेला उंदीर प्लास्टिकची पिशवी हातात घालून उचलावा आणि दोन फूट खोल पुरावा.

पाऊस, चिखल आणि ताप

चाव्यापेक्षा मला अधिक काळजी वाटते ती लेप्टोस्पायरोसिसची. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची साथ आली तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. पण महापूर लागतोच असे नाही. या रोगाचे जंतू उंदराच्या लघवीतून ओल्या जमिनीत येतात आणि पायाच्या भेगांतून, चिखल्यांतून, लहानशा जखमेतून आपल्या शरीरात शिरतात. पावसाळ्यात खुराड्याभोवतीचा चिखल अनवाणी तुडवणाऱ्या आजीला हा धोका आहे, आणि मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर अधिकच. साधारण एक-दोन आठवड्यांनी, कधी महिन्याभरातही, थंडी वाजून ताप येतो, डोके आणि पोटऱ्या असह्य दुखतात, डोळे लाल होतात. पुढे कावीळ झाली किंवा लघवी कमी झाली तर प्रकरण गंभीर. वेळेत निदान झाले तर डॉक्सिसायक्लिन, पेनिसिलिन यांसारख्या जुन्या, स्वस्त औषधांनी तो बरा होतो. अडचण एवढीच, की रुग्ण "पावसात भिजलो" असे सांगतो आणि डॉक्टर मलेरिया-डेंग्यूच्या तपासणीत गुंततो. तेव्हा ताप आल्यावर डॉक्टरांना आपण होऊन सांगावे: घरी कोंबड्या आहेत, उंदीर आहेत, चिखलात पाय होते. खुराडे झाडताना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालावेत, तोंडाला रुमाल बांधावा, कोरडी विष्ठा झाडण्याआधी तिच्यावर पाणी शिंपडावे, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

जाता जाता एक. आपल्याच जिल्ह्यातील नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू नोंदवला गेला आणि २०२१ मध्येही तेथे तो पुन्हा आला. एकामागून एक कोंबड्या मरू लागल्या तर दोष उंदरावर ढकलून स्वस्थ बसू नये. पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे.

उंदीर चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा म्हणजे पंधरा. हळद, चुना, तंबाखू भरू नये. धनुर्वाताची लस कधी घेतली ते आठवत नसेल, आणि बहुतेक वृद्धांना आठवत नाही, तर ती घ्यावी. रेबीजची लस घरातील उंदराच्या चाव्याला सहसा लागत नाही. तो निर्णय जखम पाहून डॉक्टरांवर सोडावा. पुढील तीन आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ किंवा सांधेदुखी दिसली तर चाव्याची आठवण डॉक्टरांना करून द्यावी, कारण उंदराच्या चाव्याचा म्हणून एक स्वतंत्र ताप असतो आणि तो प्रतिजैविकाने बरा होतो.

मधुमेहाने किंवा पूर्वी होऊन गेलेल्या कुष्ठरोगाने ज्यांची पावले बधिर आहेत, त्यांच्या घरच्यांना वेगळी विनंती. त्यांना जमिनीवर झोपवू नये. खाट भिंतीपासून हातभर दूर असावी, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली असावी. झोपण्यापूर्वी पाय धुवून कोरडे करावेत, कारण अन्नाचा किंवा तेलाचा वास असलेल्या पायाकडे उंदीर आधी वळतो. जाड सुती मोजे घालावेत. सकाळी उजेडात दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या कोणीतरी पाहाव्यात. स्वतःला दिसत नसेल तर सुनेला किंवा नातवाला सांगावे. यात संकोच कसला?

त्या बाबांची जखम भरायला सात आठवडे लागले. साखर आटोक्यात नसती तर बोट गेले असते. मुलाने खुराडे अंगणात हलवले, चार खांबांवर, डब्याच्या टोप्या लावून. जाळी तो शहाद्याहून घेऊन गेला. कार्तिकात बाबा पुन्हा दाखवायला आले तेव्हा मी कोंबड्यांची चौकशी केली. उंदीर एकही चढला नाही, म्हणाले. मात्र एके रात्री शिडी काढायची राहिली आणि मुंगसाने दोन पिले नेली. शिडी काढायचे काम आता नातीकडे आहे, आणि ती रोज झोपण्यापूर्वी आजोबांना येऊन सांगते, "काढली."